पाणी दिले, सावली दिली नाही

एका वाचक भगिनीचे पत्र :

आदरणीय ताई, सप्रेम सलाम. मी अहिल्यानगर जिल्ह्यात, गावापासून दीड किलोमीटरवर, रस्त्याला लागून असलेल्या वस्तीवर राहते. वय ५८, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. मुले बाहेरगावी असतात. घरी मी आणि माझे यजमान, असे आम्ही दोघेच आहोत. गेल्या एप्रिलमध्ये गळीत हंगाम संपवून गावाकडे परतणारे ऊसतोड मजुरांचे एक कुटुंब भर दुपारी आमच्या फाटकाशी येऊन थांबले. दोन पुरुष, एक बाई आणि सात-आठ वर्षांची एक मुलगी. त्यांच्या ट्रॅक्टरचा टायर फुटला होता आणि तो दुरुस्त होईपर्यंत त्यांना कोठेतरी बसायचे होते. त्यांनी पाणी मागितले आणि आमच्या आवारातल्या कडुनिंबाखाली ऊन उतरेपर्यंत बसू का, असे विचारले. यजमान आत झोपले होते. जवळच्याच एका वस्तीवर महिन्यापूर्वी चोरी झाली होती. मी घाबरले. फाटकावरूनच पाण्याच्या दोन बाटल्या दिल्या आणि ‘पुढे गावात पाराजवळ सावली आहे’ असे सांगून त्यांना वाटेला लावले. जाताना ती मुलगी वळून कडुनिंबाकडे पाहत होती.

पुढच्याच रविवारी आमच्या मंडळीच्या पाळकांनी बायबलमधील उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायावर, अब्राहामाने केलेल्या तीन पाहुण्यांच्या आदरातिथ्यावर उपदेश केला. ते म्हणाले की, ज्याने अनोळखी माणसाला दार लावले त्याने देवालाच परत पाठवले. तेव्हापासून दुपारी माझा डोळा लागत नाही. यजमान म्हणतात, ‘तू केलेस ते बरोबरच केलेस, काळ वाईट आहे.’ ताई, मी देवाला परत पाठवले का? आणि आता मी काय करावे?

उत्तर :

प्रिय भगिनी, सप्रेम सलाम.

तुमचे पत्र मी तीन वेळा वाचले आणि प्रत्येक वेळी त्या मुलीने वळून कडुनिंबाकडे पाहिले त्या ओळीपाशी थांबले. इतके महिने ती नजर तुम्ही मनात जपून ठेवली आहे. अशा वेळी ‘तुमचे काहीच चुकले नाही’ असे लिहून मी तुमची समजूत काढू शकले असते, पण तसे करणे म्हणजे तुमचे पत्र न वाचण्यासारखे होईल. तुमच्या पाळकांचे वाक्य जसेच्या तसे तुमच्यावर लादायलाही माझे मन तयार होत नाही. ज्या अध्यायावरून हे सारे सुरू झाले तो अध्याय आपण दोघींनी पुन्हा एकदा सावकाश वाचावा, एवढी विनंती मी आधी करते, कारण त्यात जे लिहिले आहे ते आपल्या आठवणीतल्या गोष्टीपेक्षा बरेच वेगळे आहे.

हेब्रोनजवळ, मम्रेच्या झाडांपाशी, अब्राहाम भर उन्हाच्या वेळी तंबूच्या दाराशी बसला आहे. त्याचे वय ९९ वर्षांचे आहे आणि आदल्याच अध्यायात त्याची सुंता झालेली आहे. यहुदी परंपरा सांगते की हा त्या जखमेचा तिसरा दिवस होता, म्हणजे वेदना सर्वांत तीव्र असण्याचा. आणि त्याला पाहुण्यांचा त्रास होऊ नये म्हणून देवाने त्या दिवशी सूर्य जणू म्यानातून बाहेर काढला होता, जेणेकरून रस्त्यावर कोणी फिरकूच नये. अशा स्थितीत तो डोळे वर करतो, तो तीन पुरुष समोर उभे. ते काही मागत नाहीत, हाकही मारत नाहीत. तो धावत जातो आणि भूमीपर्यंत वाकून नमन करतो. पुढच्या आठ-दहा ओळींत मूळ इब्री मजकूर दोन वेळा ‘धावला’ असे म्हणतो आणि तीन वेळा ‘त्वरा’ हा शब्द वापरतो. त्वरा करून तो पत्नी साराकडे जातो, त्वरा कर असे तिला सांगतो, गुरांकडे धावतो, आणि त्याचा गडीही त्वरेनेच वासरू रांधायला लागतो. शब्दांची काटकसर करणाऱ्या त्या ग्रंथात ही घाई उगीच आलेली नाही. उन्हात उभ्या असलेल्या माणसाचा एक क्षणही लांबू नये, अशी त्या म्हाताऱ्या, दुखणाईत माणसाची तळमळ त्यातून दिसते.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येते, कारण तुमची झोप त्यानेच उडवली आहे. अध्यायाच्या पहिल्याच ओळीत लिहिले आहे की परमेश्वराने अब्राहामाला दर्शन दिले. पण हे आपल्याला, वाचणाऱ्यांना, सांगितलेले आहे. दुसऱ्या ओळीत अब्राहामाला दिसतात ते तीन पुरुष, वाटसरू, धुळीने भरलेल्या पायांचे. जुने यहुदी भाष्यकार तर असे सांगतात की त्याने त्यांना परक्या उपासनेचे, पायांच्या धुळीला नमस्कार करणारे वाळवंटी प्रवासी समजले होते. नव्या करारात इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात, पाहुणचार विसरू नका, कारण त्यामुळे कित्येकांनी देवदूतांचा पाहुणचार केला, असे म्हटले आहे आणि तेथे ‘नकळत’ हा शब्द आला आहे. माझ्या मते सगळा भार त्या शब्दावर आहे. समोरचा देवदूत असू शकेल म्हणून ज्याने वासरू कापले, त्याने त्या तीन थकलेल्या माणसांचा पाहुणचार केला असे कसे म्हणावे? त्याने स्वतःच्या आशेचाच पाहुणचार केला असता. तुमच्या पाळकांचा हेतू चांगला होता यात मला शंका नाही, आणि या कथेत त्रैक्याची, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा एकाच देवाची, खूण पाहण्याची ख्रिस्ती मंडळीची परंपराही फार जुनी आणि आदरणीय आहे. पण अनोळखी माणूस म्हणजे वेष बदलून आलेली देवाची परीक्षा, असे एकदा मनात बसले की तो माणूस स्वतः आपल्या नजरेआड होतो.

याच प्रसंगावर तालमूदमध्ये, म्हणजे यहुदी गुरूंच्या चर्चांच्या जुन्या ग्रंथात, एक वचन आहे, ते तुम्ही जरूर लक्षात ठेवावे. रव यहूदा यांनी, नुसत्या ‘रव’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आपल्या गुरूंच्या नावे, सांगितले की वाटसरूंचा पाहुणचार हा देवाच्या सान्निध्याच्या स्वागताहूनही मोठा आहे. या वचनाचा आधार असा : ‘मजवर कृपादृष्टी असेल तर आपल्या दासाला सोडून पुढे जाऊ नका’ हे अब्राहामाचे शब्द या विद्वानांनी त्या तीन पुरुषांना उद्देशून घेतले नाहीत, तर दर्शन देत असलेल्या परमेश्वराला उद्देशून घेतले. म्हणजे अब्राहाम देवाला म्हणतो आहे, ‘क्षणभर थांबा, दारात माणसे आली आहेत.’ आणि देव थांबतो. हे वाचन मान्य केले तर तुमच्या पाळकांचे चित्र उलटे होते. देव पाहुण्याच्या वेषात लपलेला नाही. पाहुण्याच्या पायांवर पाणी पडेपर्यंत तो बाजूला वाट पाहत उभा आहे. म्हणून तुमचा प्रश्न मी थोडा बदलू इच्छिते. ‘मी देवाला परत पाठवले का’ हे बाजूला ठेवा. फाटकावरून परत गेली ती एक आई, दोन दमलेले पुरुष आणि डोक्यावर ऊन घेतलेली एक लहान मुलगी. हा प्रश्न आकाराने लहान आहे, पण तो अधिक अवघड आहे असे मला वाटते, आणि त्याचे उत्तर देता येण्याजोगे आहे.

तुम्हाला भीती वाटली. त्या भीतीची लाज वाटून घेऊ नका. पण अब्राहामाने त्या पाहुण्यांना कोठे बसवले, हे एकदा वाचा. ‘झाडाखाली विसावा घ्या,’ असे तो म्हणतो. भोजन वाढतो तेही झाडाखालीच. आणि ते जेवत असताना तो स्वतः त्यांच्याजवळ, झाडाखाली, उभा राहतो. या साऱ्या कथेत एकही पाहुणा तंबूत पाऊल टाकत नाही. सारा आत आहे, आणि ती तंबूच्या दारामागून बोलणे ऐकते आहे. जगाच्या तीन धर्मांनी पाहुणचाराचा आदर्श म्हणून जो प्रसंग शतकानुशतके सांगितला, तो उंबऱ्याच्या बाहेर, चारचौघांना दिसेल अशा सावलीत घडलेला आहे. त्या दुपारी तुमच्यासमोर दोनच पर्याय आहेत असे तुम्हाला वाटले, एक तर त्यांना घरात घ्यायचे, नाही तर वाटेला लावायचे. आणि घरात घेण्याचे धैर्य नव्हते म्हणून तुम्ही दुसरा पर्याय निवडलात. पण त्यांनी घर मागितलेच नव्हते. त्यांनी मागितले ते कडुनिंब. मम्रेच्या अंगणात जो पर्याय निवडला गेला, तो तुमच्याही आवारात मुळे धरून उभा होता.

पुढच्याच, एकोणिसाव्या अध्यायात अब्राहामाचा पुतण्या लोट याची कथा येते. तोही दोन अनोळखी माणसांना पाहून उठतो, वाकून नमन करतो, पण त्यांना घरातच नेण्याचा आग्रह धरतो, कारण ते सदोम आहे, रात्र पडत आली आहे आणि तेथल्या चौकात परक्याची धडगत नाही. म्हणजे दार उघडावे की अंगणातच बसवावे, हे स्थळ आणि वेळ पाहून ठरवलेले आहे, आणि या शहाणपणाला शास्त्राची ना नाही. तुमचे यजमान काळ वाईट आहे असे म्हणतात, त्यांनाही मी चूक म्हणणार नाही. चोरी झाली होती हे खरे आहे. त्यांना एवढेच दाखवा की यहेज्केल संदेष्टा सदोमाचा अपराध सांगताना गर्व, अन्नाची विपुलता आणि निश्चिंत स्वास्थ्य यांचा उल्लेख करतो, आणि एवढे असूनही त्या नगरीने दीनदुबळ्यांना हात दिला नाही, असे म्हणतो. काळ वाईट होतो तेव्हा त्याची सुरुवात पुष्कळदा बंद फाटकांपासूनही होत असते, हे त्यांनाही पटेल असे वाटते.

आणखी एक गोष्ट त्या अध्यायात आहे, जी उपदेशात सहसा राहून जाते. अब्राहाम पाहुण्यांना म्हणतो, ‘थोडे पाणी आणतो, भाकरीचा तुकडा आणतो,’ आणि मग साराला सांगतो की तीन मापे सपीठ घेऊन मळ. सज्जन थोडे बोलतात आणि पुष्कळ करतात, असा धडा यहुदी गुरूंनी यातून काढला आहे आणि तो योग्यच आहे. पण मी एक गृहिणीही आहे, म्हणून माझे लक्ष त्या मापांकडे जाते. इब्री ‘सेआ’ या मापाचा अंदाज साधारण सात लिटरांचा धरतात. तीन सेआ म्हणजे वीस लिटरांहून अधिक पीठ, तीन माणसांसाठी, भर दुपारी, नव्वदीला आलेल्या बाईने मळायचे! त्या भाकरी थापताना तिच्या कपाळावरून वाहिलेला घाम त्या पानावर कोठेच नाही. एका जुन्या यहुदी परंपरेत मात्र त्याची दखल आहे : सारा जिवंत होती तोवर तंबूची दारे सताड उघडी होती आणि तिच्या पिठात बरकत होती, ती गेली आणि दोन्ही संपले. आणि पाहुण्यांनी भोजनप्रसंगी विचारलेला पहिला प्रश्न हाच आहे की, ‘तुझी पत्नी सारा कोठे आहे?’ ज्या घरात आपण जेवतो त्या घरच्या बाईची विचारपूस करावी, हा शिष्टाचार तालमूदने यातूनच घेतला.

हे मी इतक्या विस्ताराने सांगते याचे कारण तुमची ती दुपार आहे. मम्रेच्या तंबूत पाहुणे आले तेव्हा म्हातारा धावला, म्हातारीने पीठ मळले, गड्याने वासरू रांधले. अख्खी वस्ती कामाला लागली. तुमच्या वस्तीवर यजमान झोपले होते आणि फाटकाशी तुम्ही एकट्या उभ्या होता. एकट्या बाईला दोन अनोळखी पुरुषांची भीती वाटणे यात विश्वासाची उणीव मुळीच नाही. उणीव कोठे असेल तर ती एवढीच की तुम्ही यजमानांना हाक मारली नाही, आणि कदाचित अशी हाक मारता येते असे तुमच्या घरात आजवर कधी ठरलेलेच नव्हते. पाहुणचार हे एका माणसाचे पुण्यकर्म म्हणून पाहिले की तो एकाच माणसाच्या कमरेवर येतो, आणि आपल्याकडे ती कंबर बहुतेक वेळा बाईचीच असते. म्हणून यजमानांशी भांडू नका आणि त्यांच्यापासून लपवून काही करूही नका; हा अध्याय त्यांच्यासह वाचा आणि धावण्याचे काम कोणाचे, हे दोघांनी मिळून ठरवा.

आता मी ज्या प्रकरणाकडे वळते, ते तुमच्या मनाला सर्वांत जवळचे आहे असे मला वाटते, आणि त्याविषयी आपण मंडळीत फार कमी बोलतो. ज्या अब्राहामाने तीन अनोळखी माणसांसाठी कोवळे वासरू कापले, त्यानेच पुढे एकविसाव्या अध्यायात आपली दासी हागार आणि तिच्या पोटी झालेला आपला स्वतःचा मुलगा इश्माएल यांना घराबाहेर काढले. पहाटे उठून त्याने भाकर आणि पाण्याची एक मसक तिच्या खांद्यावर ठेवली आणि तिला वाटेला लावले. सारेने हट्ट धरला होता, त्याला स्वतःला फार वाईट वाटले होते आणि देवानेच त्याला सारेचे ऐकायला सांगितले होते, हे सारे तेथे लिहिलेले आहे. तरीही भाकर आणि एक मसक पाणी, एवढेच. ना वासरू, ना दही, ना दूध, आणि मुख्य म्हणजे सावली नाही. बैर-शेबाच्या रानात पाणी संपले तेव्हा हागारेने मुलाला एका झुडपाखाली टाकले आणि त्याचे मरण बघावे लागू नये म्हणून ती बाणाच्या टप्प्याएवढी दूर जाऊन बसली व हंबरडा फोडून रडली.

भगिनी, तुम्ही फाटकावरून दोन बाटल्या पाणी दिले. आपल्या विश्वासाच्या मूळपुरुषाच्या हातूनही असाच एक प्रसंग घडला आहे, आणि शास्त्राने तो झाकलेला नाही. यातून तुमच्या कृतीचे समर्थन होते असे मी म्हणत नाही. पण पुढे काय झाले ते वाचा. तो मुलगा जेथे होता तेथेच देवाने त्याची वाणी ऐकली, आणि हागारेचे डोळे उघडले तेव्हा तिला विहीर दिसली. ज्यांना आपण वाटेला लावतो ते देवाच्या नजरेतून सुटत नाहीत. त्या कुटुंबाचे पुढे काय झाले हे तुम्हाला किंवा मला कधीच कळणार नाही. परंतु त्यांचा सांभाळ तुमच्या एकाच फाटकावर अवलंबून होता, असे समजून स्वतःला जाळणे हेही बरोबर नाही. पारापर्यंतच्या दीड किलोमीटरमध्ये दुसरे कोणी त्यांना हाक मारली असेल, अशी आशा धरायला आपल्याला शास्त्राने मोकळीक दिली आहे.

आणि त्याच एकविसाव्या अध्यायाच्या शेवटी एक छोटे वाक्य येते. अब्राहामाने बैर-शेबा येथे एशेल झाड लावले आणि तेथे सनातन देवाच्या नावाने प्रार्थना केली. मूळ शब्द ‘एशेल’ असा आहे. तालमूदमध्ये दोन गुरूंचा यावर मतभेद आहे : एक म्हणतात ती फळबाग होती, दुसरे म्हणतात ती वाटसरूंसाठी धर्मशाळा होती. त्या शब्दाच्या तीन अक्षरांत खाणे, पिणे आणि मुक्काम अशा तीन शब्दांची आद्याक्षरे आहेत, अशीही फोड परंपरेने केली आहे. शास्त्र या झाडाचा हागारेशी कोठेही संबंध जोडत नाही. तो मी जोडते, आणि तो माझा विचार आहे असेच तुम्ही समजा. बैर-शेबा म्हणजे तेच रान, जेथे ती बाई आपल्या लेकराला झुडपाच्या तोकड्या सावलीत टाकून रडली. त्याच प्रदेशात, त्याच अध्यायात, तो म्हातारा पुढे एक झाड लावतो. एशेल हे वाळवंटी झाडांपैकी मानले जाते, आणि शंभरी ओलांडलेल्या माणसाने लावलेल्या झाडाखाली तो स्वतः फार दिवस बसणार नसतो. जिला सावली देता आली नाही तिला ती देणे आता शक्य नव्हते. पण त्या वाटेने पुढे कोणीतरी येणारच होते.

तुमच्या ‘आता मी काय करावे’ या प्रश्नाला याहून जवळचे उत्तर मला शास्त्रात सापडत नाही. त्या कुटुंबाला शोधत बसू नका. ते बीडकडचे होते की आणखी कोठले, हेही तुम्हाला माहीत नाही. पण हंगाम दरवर्षी येतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास गाड्या तुमच्याच रस्त्याने कारखान्याकडे जातील आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततील. ती माणसे सहा-सहा महिने उसाच्या पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोपीत राहतात. तंबूत राहणाऱ्या अब्राहामाला ती कदाचित आपल्यापेक्षा चटकन समजली असती. सारा वारली तेव्हा हेब्रोनच्या लोकांपुढे उभा राहून तो म्हणाला होता की मी तुमच्यामध्ये परका आणि उपरा आहे, आणि ज्या देशाचे त्याला वचन मिळाले होते त्याच देशात बायकोच्या कबरेपुरती जागा त्याला ४०० शेकेल रुपे मोजून विकत घ्यावी लागली. सावलीची किंमत ठाऊक असलेला तो माणूस होता. पुढे त्याच्या वंशजांना, परक्यावर स्वतःसारखी प्रीती करा, असे सांगताना नियमशास्त्र याच आठवणीकडे बोट दाखवते : तुम्हीही मिसर देशात परके होता.

मोठा बेत आखू नका, कारण मोठे बेत पहिल्याच महिन्यात थकतात. हेब्रोनलाच पाहा. अरबीत त्या गावाचे नाव ‘अल्-खलील’, म्हणजे देवाचा मित्र, अब्राहामाच्याच नावावरून पडलेले. इ.स. १०४७ मध्ये नासिर खुस्रो हा फारसी प्रवासी तेथे गेला होता. अब्राहामाच्या नावाने तेथे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला रोज एक भाकर, ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या मसुराचे वाडगे आणि मनुका मिळत, असे त्याने लिहून ठेवले आहे. मूळ कथेत वासरू होते. पण शतकानुशतके टिकली ती मसुराची डाळ, कारण ती रोज शिजवता येते.

आपल्या कोकणातही याचा एक ठसा आहे. अब्राहामाला आपला पिता म्हणणारे बेने इस्राएल लोक सांगतात की त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढे वाचले. किनाऱ्यावरच्या गावांनी त्यांना राहू दिले; ते तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून ‘शनवार तेली’ म्हणवले गेले. ती मराठी बोलणारी माणसे झाली आणि त्यांनी गावांवरून आडनावे घेतली. त्यांना कोणी काय वाढले हे कोणत्याच कथेत नाही. राहू दिले, एवढेच आहे.

तुम्ही कडुनिंबाखालून गाडी आणि अडगळ हलवून घ्या आणि तेथे एक बाकडे किंवा जुनी बाज टाका. मार्चपासून झाकण असलेला माठ आणि ओगराळे ठेवा, आणि पाय धुवायला बादलीभर पाणी, कारण मम्रेच्या कथेत जेवणाआधी पाणी पायांसाठी येते. मागच्या दाराला कडी लावायची असेल तर खुशाल लावा. दुपारी कोणी आले तर यजमानांना उठवा. ते बोलतील, तुम्ही बाजूला बसा. घरात दोघांनाही बरे नसेल किंवा मन कच खात असेल, तर फाटक उघडे ठेवून तुम्ही ओट्यावरूनच बोला, तरी चालेल. भाकरी शिल्लक असेल तर द्या. नसेल तर सावली पुरे आहे. आणि ते कोण, कोठले, काय जातीचे, हे त्यांनी पाणी पिऊन होईपर्यंत विचारू नका. अब्राहामाने तर शेवटपर्यंत विचारले नाही.

एक गोष्ट उरते. जेवण झाल्यावर ते पुरुष उठले तेव्हा अब्राहाम त्यांना वाटेला लावण्यासाठी त्यांच्याबरोबर चालत गेला. बाराव्या शतकातला यहुदी धर्मशास्त्रकार मैमोनिदीस लिहितो की पाहुण्याला सोबत करण्याचे पुण्य सर्वांत मोठे आहे आणि हा परिपाठ अब्राहामाने घालून दिला. आपल्या भाषेत यासाठी नेमका शब्द आहे, बोळवण; आज त्याला टाळाटाळीचा अर्थ चिकटला असला तरी मुळात बोळवण म्हणजे निघालेल्या माणसाबरोबर थोडी वाट चालणे. तुम्हीही त्या कुटुंबाला पाराची वाट सांगितली होती, पण ती फाटकाच्या आतून. पुढच्या वेळी ऊन उतरल्यावर फाटकाबाहेर या, आणि गावाकडचा रस्ता जेथे दिसू लागतो तेथवर त्यांच्याबरोबर जा. लहान मूल असेल तर त्याला कडुनिंबाखाली पुन्हा कधीही बसायला ये, असे स्वतः सांगा. आणि जमले तर उन्हाळ्यानंतर मला पुन्हा लिहा. बाजेवर कोण कोण बसून गेले ते वाचायला मला आवडेल.